टाकी भरली की कार अडते, उन्हात थांबली की व्हॅन अडते: हे दोन वेगळे आजार आहेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूर, मे महिना, २०१५ ची इंजेक्शनवाली पेट्रोल कार. सकाळी घरून पहिल्या सेल्फला चालू होते, पण दुपारी वर्धा रोडवर पेट्रोल पंपावर टाकी भरली की सहा-सात वेळा सेल्फ मारावा लागतो. पेट्रोलचा वास येतो, मग फडफडत, काळा धूर सोडत एकदाची चालू होते. गॅरेजमध्ये सांगितलं, "व्हेपर लॉक आहे (म्हणजे पेट्रोलच्या वाटेत वाफ अडकली आहे), टाकीतला फ्युएल पंप बदला." घरी वडिलांची जुनी कार्बोरेटरवाली व्हॅनही आहे. ती दुपारी वीस मिनिटं उभी राहिली की चालू होत नाही. वडील फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकतात आणि ती चालू होते. मग कारलाही तेच झालंय का?

नाही. तुमच्या वर्णनावरून कारचं दुखणं व्हॅनच्या नेमकं उलटं दिसतं. व्हॅनचं इंजिन उपाशी राहतंय, कारचं इंजिन पेट्रोलात बुडतंय. कारण दोन्हीकडे वाफच आहे. पण व्हॅनमध्ये जिथे पातळ पेट्रोल हवं तिथे वाफ शिरली आहे, आणि कारमध्ये जिथे नुसती हवा हवी तिथे. बुडणाऱ्या इंजिनाला नवा फ्युएल पंप लावून काही फायदा नाही, आणि टाकीतलं पंपाचं मॉड्यूल काही स्वस्तात येत नाही. पैसे देण्याआधी खालच्या तपासण्या करून घ्या. बहुतेक घरी होतात.

आधी वाफेचं गणित, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पाणी १०० अंशांना उकळतं तसा पेट्रोलचा एक ठरलेला आकडा नसतो. ते अनेक घटकांचं मिश्रण आहे. हलके घटक ३५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतात, जड घटकांना २०० अंश लागतात. पेट्रोल किती पटकन वाफ होतं हे ३७.८ अंशांवरच्या बाष्पदाबाने मोजतात आणि साध्या पेट्रोलसाठी भारतीय मानकात त्याची कमाल मर्यादा ६० किलोपास्कल आहे. हवेचा दाब साधारण १०० किलोपास्कल. तापमान वाढलं की बाष्पदाब झपाट्याने चढतो, आणि तो हवेच्या दाबाला गाठतो तिथे बुडबुडे सुरू होतात. हिशेब केला तर हे ५० ते ५५ अंशांच्या दरम्यान येतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूरच्या सावलीतच ४५-४६ अंश असतात. (मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, तो सेन्सरचा दोष निघाला. पण बॉनेटखाली ५६ अंश म्हणजे गारवाच म्हणायचा.) इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो, वारा थांबतो, आणि ९० अंशांचं लोखंड आजूबाजूच्या नळ्यांना भाजत बसतं. बंद केल्यानंतरची दहा ते चाळीस मिनिटं म्हणून सगळ्यात वाईट. तासाभराने तीच गाडी निमूट चालू होते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. दाब वाढवला की पेट्रोल उशिरा उकळतं, ओढ लावली की लवकर उकळतं. इंजेक्शनच्या रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, ३ बार (हवेच्या दाबाच्या साधारण तिप्पट) दाब असेल तर पेट्रोल जवळपास १०० अंशांपर्यंत पातळ राहू शकतं. तेच पेट्रोल जुन्या गाडीत नळीने ओढलं जात असेल तर ५० अंशही नको.

आता व्हॅन. तिचा फ्युएल पंप इंजिनावर बसवलेला असतो, कॅमच्या धक्क्यावर चालणारा, आत पातळ पडदा. तो टाकीतून पेट्रोल ओढतो, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी नळी कमी दाबाखाली असते. शिवाय पंप स्वतः इंजिनाच्या अंगाला चिकटून तापलेला, आणि या व्हॅनचं इंजिन सीटखाली कोंडलेलं. पंपात वाफ भरली की पडदा वर-खाली होतो, पण वाफ दाबली जाते, पुढे सरकत नाही. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा हलवावा तसं. वडील फडकं टाकतात तेव्हा पंपाचं घर थंड होतं, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि पंपाला पकड मिळते. उपाय बरोबर आहे. फक्त पाणी फडक्यावरच घाला, मगाने इंजिनावर ओतू नका. तापलेल्या ओतीव एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळीवर) गार पाणी पडलं तर त्याला तडा जाऊ शकतो.

पण व्हॅनच्याही बाबतीत एक पडताळणी करा, कारण कार्बोरेटरची गाडी त्याच उन्हाने दोन उलट प्रकारांनी बंद पडू शकते. सीट उचला, एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या घशात टॉर्चने बघा आणि हाताने एक्सलेटरची तार एकदा ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. पिचकारी उडालीच नाही, घसा कोरडा, तर फ्लोटचं भांडं (कार्बोरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा) रिकामं आहे आणि हा खरा व्हेपर लॉक. घसा ओला, जेटमधून पेट्रोल थेंब-थेंब गळतंय, वर धूसर वाफ हलताना दिसतेय, तर भांड्यातलं पेट्रोल उकळून आत सांडलंय. मग फडक्याचा उपयोग नाही. एक्सलेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, चोक अजिबात नको, आणि सेल्फ मारा. पुढच्या काळासाठी कार्बोरेटरच्या बुडाखालचा उष्णतारोधक बेकलाइटचा ठोकळा शाबूत आहे का ते बघा. कुणीतरी कधीतरी दुरुस्तीत तो काढून नुसता कागदी गॅस्केट टाकलेला असतो, आणि तिथून उकळण्याची तक्रार सुरू होते. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून चार बोटं तरी लांब असावी. टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाइन असेल तर ती फुंकून बघा. ती बुजली की गरम पेट्रोल पंपाजवळच घोटाळत राहतं. रबरी होज बदलताना इथेनॉल चालणाऱ्या मागा, एसएई जे३०आर९ छापलेल्या मिळतात. जुनं रबर हल्लीच्या पेट्रोलमध्ये फुगतं, आतून सुटतं, आणि त्याचा भुगा जेटमध्ये जाऊन बसतो.

व्हॅनचं एवढंच. कारकडे जास्त वेळ द्यावा लागेल.

तुमच्या कारमध्ये फ्युएल पंप टाकीच्या आत, पेट्रोलात बुडालेला आहे. तो ओढत नाही, ढकलतो. म्हणून जुन्या अर्थाचा व्हेपर लॉक तिला सहसा होत नाही. होतो तेव्हा त्याचा पेट्रोल भरण्याशी संबंध नसतो, गाडी तापून थांबण्याशी असतो. तुमची गाडी मात्र टाकी भरल्यावरच अडते. वास येतो, धूर काळा येतो. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की पहिला संशय पर्ज व्हॉल्व्हवर.

टाकीतली वाफ हवेत सोडायची नाही म्हणून ती एका नळीने कोळशाच्या डब्यात, कॅनिस्टरमध्ये नेतात. आतला सक्रिय कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू होऊन गरम झालं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, एक छोटा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह टिकटिक उघडतो आणि इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या) ओढीने ती वाफ थोडी थोडी इंजिनात जाळली जाते. हाच पर्ज व्हॉल्व्ह. करंट नसेल तेव्हा तो घट्ट बंद असायला हवा. सेल्फ मारताना तर नक्कीच.

तो उघडा अडकला तर काय होतं? टाकी भरताना ३० लिटर पेट्रोल आत जातं, म्हणजे आतली ३० लिटर वाफमिश्रित हवा बाहेर पडते. काही नोझलच्या कडेने निसटते, काही कॅनिस्टरकडे ढकलली जाते. ४० अंशांना या एका लिटर हवेत दीडेक ग्रॅम पेट्रोल वाफेच्या रूपात असतं, म्हणजे ३० लिटरमध्ये ४०-४५ ग्रॅम. उलट १२०० सीसीच्या इंजिनाला, सगळे सिलिंडर एकदा हवेने पूर्ण भरले असं धरलं तरी, त्या एका भरण्यापुरतं जेमतेम ०.१ ग्रॅम पेट्रोल लागतं. आता तुम्ही सेल्फ मारता. व्हॉल्व्ह उघडाच आहे, म्हणून मॅनिफोल्ड हवेसोबत टाकीतली गडद, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी असलेली, वाफही ओढतो. ईसीयूला याची खबर नसते. सुरू होण्याच्या त्या दोन-तीन सेकंदांत तो ऑक्सिजन सेन्सरकडे बघतच नाही, ठरलेलं पेट्रोल इंजेक्टरमधून वरून आणखी टाकतो. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच पेट घेते. त्याच्या वर गेली की ठिणगी पडूनही काही होत नाही, आणि प्लग ओले होतात.

सकाळी का होत नाही? गार इंजिनाला तसंही जास्त पेट्रोल लागतं, थोडी आगंतुक वाफ त्यात खपून जाते. रात्रभर थंड राहिलेल्या टाकीत वाफही कमी असते. दुपारी इंजिन गरम, गरज कमी, टाकी नुकती घुसळून निघालेली. सगळं एकाच वेळी विरुद्ध जातं.

तपासायचं असं. व्हॉल्व्ह बहुतेक गाड्यांत थ्रॉटल बॉडी किंवा इनटेक मॅनिफोल्डजवळ सापडतो. काळं प्लॅस्टिकचं काडेपेटीएवढं घर, दोन नळ्या, दोन पिनांचा कनेक्टर. सकाळी इंजिन गार असताना चालू करा आणि आयडलवर असू द्या. कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हवरून काढा आणि उघड्या तोंडावर अंगठा ठेवा. गार इंजिनात ईसीयू पर्ज करत नाही, त्यामुळे अंगठ्याला ओढ जाणवायलाच नको. अंगठा खेचला गेला तर व्हॉल्व्ह गळतोय. मग तो सोडवून हातात घ्या आणि स्वच्छ नळी लावून एका बाजूने फुंका. हवा जाता कामा नये. दोन्ही पिनांना बॅटरीचे १२ व्होल्ट क्षणभर द्या, टक् असा आवाज येऊन हवा जायला हवी. करंट काढला की पुन्हा बंद. मल्टिमीटरवर कॉइलचा रोध साधारण २० ते ३५ ओहम दिसतो, मॉडेलनुसार थोडा फरक. पण नुसत्या रोधावर निकाल देऊ नका. कॉइल ठणठणीत आणि आतली चकती कचऱ्याने अडकलेली, हेच जास्त दिसतं.

तो कचरा कसला ते बघायचं असेल तर व्हॉल्व्ह उलटा करून पांढऱ्या कागदावर दोन-तीनदा हलकेच आपटा. चहाच्या भुकटीसारखे काळे कण पडले तर तो कॅनिस्टरमधला कोळसा आहे. ही महागातली बातमी. म्हणजे कॅनिस्टर आतून फुटलाय आणि नुसता व्हॉल्व्ह बदलला तर नवाही काही दिवसांत अडकणार. अशा वेळी कॅनिस्टरही बदला आणि मधली नळी दोन्ही टोकं सोडवून हवेने साफ करा. एक टोक जोडलेलं ठेवून फुंकलं तर कोळसा मॅनिफोल्डमध्ये जातो. कागद स्वच्छ राहिला तर एकट्या व्हॉल्व्हवर भागतं. तो पंपाच्या मॉड्यूलपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे आणि दहा मिनिटांत बसतो.

व्हॉल्व्ह काढायची हिंमत नसेल तर याहून सोपी परीक्षा आहे. पुढच्या वेळी पेट्रोल भरायला जाण्याआधी, घरीच, व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डमधली रबरी नळी फडक्यात गुंडाळून पकडीने चिमटा. नळी कडक प्लॅस्टिकची असेल तर चिमटू नका, फुटेल. ती काढून मॅनिफोल्डकडचं तोंड रबरी टोपीने बंद करा. आता टाकी भरा आणि सेल्फ मारा. पहिल्या झटक्याला चालू झाली तर गुन्हेगार सापडला. काम झालं की चिमटा काढायला विसरू नका. कायमचा लावून ठेवला तर कॅनिस्टर वाफेने तुडुंब भरतो.

आणि आजच दुपारी पंपावर अडली तर? गाडी नोझलपासून थोडी पुढे ढकलून घ्या, मागचे लोक खोळंबले असतात आणि तुम्हालाही घाई करायला नको. एक्सलेटर तळाला टेकवून धरा आणि पाच ते आठ सेकंद सेल्फ मारा. थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडलेला दिसला की बहुतेक इंजेक्शन गाड्यांचा ईसीयू सेल्फच्या वेळी इंजेक्टर बंद करतो आणि भरपूर हवा आत जाऊन सिलिंडर सुकतात. पकडली की लगेच पाय उचला. नाही पकडली तर अर्धा मिनिट थांबा, सेल्फ मोटरलाही मे महिना आहे. एक्सलेटर दाबून-सोडून काही होत नाही, ती कार्बोरेटरच्या काळातली सवय.

या उपायात निदानही दडलेलं आहे. एक्सलेटर पूर्ण दाबून चालू झाली तर इंजिन बुडालेलं होतं. त्याने काहीच झालं नाही, पण सेल्फ न मारता चावी तीन वेळा 'ऑन' करून, दर वेळी दोन-तीन सेकंद मागच्या सीटखालची पंपाची घूं ऐकून, चौथ्या वेळी सेल्फ मारला आणि चालू झाली, तर इंजिन उपाशी होतं. मग प्रकरण वेगळं, आणि तेव्हाच पंपाचं नाव घेण्यात अर्थ आहे.

ते वेगळं प्रकरण असं. गाडी बंद केल्यावरही रेलमध्ये दाब टिकायला हवा. पंपाच्या तोंडाशी एकदिशा व्हॉल्व्ह असतो, तो परतीची वाट बंद करतो. तो गळू लागला की बंद केल्यावर दाब शून्यावर येतो, आणि गरम रेलमधलं पेट्रोल, ज्याला ३ बार दाबाखाली काही झालं नसतं, ते उकळायला लागतं. इंजेक्टर मग पेट्रोलाऐवजी फेस सोडतात. हा आजार असलेली गाडी पेट्रोल पंपावर नाही, सीताबर्डीच्या बाजारात अर्धा तास खरेदी करून परत आल्यावर अडते. धूर काळा नसतो, प्लग कोरडे असतात. गॅरेजवाल्याकडे प्रेशर गेज लावून घ्या. चालू इंजिनाला बहुतेक गाड्यांत ३ ते ४ बारच्या दरम्यान, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात असतो. बंद करून दहा मिनिटं थांबा. काटा हळूहळू थोडा उतरणं चालतं, डोळ्यांदेखत शून्यावर कोसळणं चालत नाही. कोसळला तर लगेच पंप बदलू नका. दाब परत चढवा आणि टाकीकडून येणारी नळी, रबरी असेल तर, चिमटून धरा. आता काटा थांबला तर गळती टाकीकडे, पंपात. तरीही उतरतोय तर एखादा इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये थेंब-थेंब टाकतोय. इथे जरा गोंधळ होतो, कारण गळका इंजेक्टर दाबही घालवतो आणि सिलिंडरही बुडवतो. दाब शून्य आणि प्लग ओला, अशी विसंगत जोडी दिसली तर तोच.

गेज लावण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे नळी सोडताना पिचकारी तापलेल्या एक्झॉस्टवर उडणार नाही. प्लग तपासतानाही एक चूक नेहमी होते. काढलेला प्लग वायरला जोडून इंजिनावर ठेवतात आणि सेल्फ मारून ठिणगी बघतात. बुडालेल्या इंजिनाच्या प्लगच्या भोकातून त्याच वेळी पेट्रोलचा फवारा बाहेर येतो आणि शेजारीच ठिणगी. इंजेक्टरचा फ्यूज काढल्याशिवाय हे करायचं नाही. आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, खाली साचते. बेसमेंट पार्किंगमध्ये किंवा गॅरेजच्या खड्ड्यात हे प्रयोग नकोत.

तिसरा प्रकार टाकीच्या श्वासाचा. पेट्रोल संपत जातं तशी टाकीत बाहेरून हवा यायला हवी. ती कॅनिस्टरच्या व्हेंटमधून किंवा झाकणातल्या छोट्या व्हॉल्व्हमधून येते. धुळीने, चिखलाने किंवा कुंभारमाशीच्या मातीच्या घरट्याने तो मार्ग बुजला की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल पुढे ढकलणं जड जातं. झाकण उघडताना फुस्स होतं, पण कोणत्या दिशेने ते बघा. तळहात जवळ धरा. हवा बाहेर आली तर उन्हाळ्यात ते बऱ्याच अंशी नैसर्गिक. हवा आत ओढली गेली, तर व्हेंट बुजलाय. स्कूटर-मोटरसायकलच्या झाकणाचं भोक तर धुण्याच्या साबणानेही बुजतं. गाडी दोन-तीन किलोमीटर चालून बंद पडते, झाकण सैल केलं की पुन्हा चालते, हे त्याचं खास लक्षण. एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या बीएस-४ प्रदूषण मानकापासून दुचाकींनाही कॅनिस्टर आला आहे, त्यामुळे वर कारबद्दल लिहिलेलं बरंचसं त्यांनाही लागू.

वाफेवर नाहक आळ येतो अशीही दोन दुखणी आहेत. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा) गरम झाल्यावर मरतो आणि थंड झाल्यावर जिवंत होतो, लक्षण हुबेहूब 'व्हेपर लॉक'चं. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसत असेल तर पेट्रोलचा विचारच सोडा. दुसरा कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. इंजिन गरम असताना तो 'गार आहे' असं सांगत असेल तर ईसीयू दुप्पट पेट्रोल ओततो. बऱ्याच गाड्यांत त्याचा रोध २० अंशांना दोन ते तीन किलोओहम आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास असतो. स्कॅनरवर तापमानाचा आकडा बघितला तरी कळतं. एरर कोडवर मात्र फार विसंबू नका. पी०४४३ आला तर पर्ज व्हॉल्व्हची वायरिंग, पी०१७२ आला तर मिश्रण गडद, एवढं कळतं. पण व्हॉल्व्ह यांत्रिकरीत्या उघडा अडकलाय हे ओळखायला टाकीत प्रेशर सेन्सर लागतो आणि आपल्याकडच्या त्या काळातल्या अनेक गाड्यांत तो नाही. म्हणून "स्कॅनिंगमध्ये काही आलं नाही" याचा अर्थ व्हॉल्व्ह चांगला आहे असा होत नाही.

इथेनॉलचं नाव आजकाल प्रत्येक बिघाडात घेतलं जातं. खरं काय ते एवढंच: पेट्रोलमध्ये पाच-दहा टक्के इथेनॉल मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब सात-एक किलोपास्कलने चढतो, वीस टक्क्यांना तो किंचित खाली येतो, पण नुसत्या पेट्रोलपेक्षा वरच राहतो. व्हॅनला याचा त्रास थोडा वाढू शकतो. तुमच्या कारचा व्हॉल्व्ह इथेनॉलने उघडा अडकलेला नाही. उलट हिवाळ्यात हेच इथेनॉल वाफ व्हायला आळशी ठरतं, आणि नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांवर गेला होता. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांच्या टाकीत तेच पेट्रोल महिनोन् महिने पडून असतं, हलके घटक उडून गेलेले असतात, आणि जानेवारीच्या सकाळी वाफच पुरेशी तयार होत नाही म्हणून गाडी अडते. उन्हाळ्यातल्या तक्रारीची नेमकी उलटी बाजू.

कॅनिस्टर बिघडण्याचं मूळ बहुतेक वेळा पेट्रोल पंपावरच्या एका सवयीत असतं. नोझल टक् करून आपोआप बंद होतं, तरी "दोन हजारचा राउंड फिगर करा" म्हणून वरून आणखी भरायला लावतात. टाकीच्या वरची मोकळी जागा पेट्रोल फुगण्यासाठी आणि वाफेसाठी ठेवलेली असते. जमिनीखालच्या टाकीतलं ३० अंशांचं ३५ लिटर पेट्रोल उन्हात उभ्या गाडीत ४५ अंशांना गेलं तर साधारण अर्ध्या लिटरने फुगतं. गळ्यापर्यंत भरलेली असेल तर हे अर्धा लिटर कुठे जाणार? व्हेंटच्या नळीने कॅनिस्टरमध्ये. कोळसा वाफ धरण्यासाठी असतो, पातळ पेट्रोलात भिजला की त्याचा चुरा होतो, आणि तो चुरा तुमच्या पर्ज व्हॉल्व्हच्या चकतीखाली येऊन बसतो. दर उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवर फिरणारं 'टाकी फुल्ल भरू नका, स्फोट होईल' हे मात्र खोटं. टाकीत वाफ इतकी गडद असते की ती पेट घ्यायच्या मर्यादेच्या कितीतरी वर असते. पहिल्या टक्पर्यंत निर्धास्त भरा. उलट मे महिन्यात काटा तळाला ठेवून फिरू नका. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

तर तुमच्यासाठी क्रम असा: उद्या सकाळी गार इंजिनावर अंगठ्याची परीक्षा, मग पांढरा कागद, मग नळी चिमटून एकदा टाकी भरून बघणं. तिन्हीत काही सापडलं नाही तरच प्रेशर गेज. गॅरेजवाला तरीही फ्युएल पंप बदलण्यावर अडून बसला तर त्याला दोनच आकडे विचारा: चालू इंजिनाला दाब किती, आणि बंद केल्यावर दहा मिनिटांनी किती.